चारशे बारा नंबरची फांदी

वांडिलपच्या जुन्या पोस्टामागच्या खोलीत दर बुधवारी चार-पाच म्हाताऱ्या बायका रानझुडपांच्या फांद्या दाबून वाळवतात. नेरिडा टोंकिन त्यांत सगळ्यांत जुनी. शाळेच्या कँटीनमध्ये ती सॉसेज रोल विकायची, तेव्हापासून. वनस्पतिशास्त्र ती कुठे शिकलेली नाही. तरी गव्हाच्या शेतांमधले रस्ते रुंद करायचे ठरले, की कडेच्या झुडपांत काही दुर्मीळ नाही ना, हे विचारायला गावच्या परिषदेची माणसं तिच्याकडेच येत.

तिचा नियम सगळ्या गावाला पाठ होता. शंका आली तर आधी खांब, मग नाव. खांब म्हणजे जपायच्या झुडपांपाशी ठोकायचे, हॉकी स्टिकसारखे वाकलेले पिवळे खांब. ते दिसले की ग्रेडर, म्हणजे रस्ता खरवडून सपाट करणारं यंत्र, चालवणारा क्लेम ड्राफिन पातं उचलतो आणि पुढे जातो.

त्या बुधवारी पर्थहून फोन आला. तिकडच्या वनस्पती-संग्रहालयातली इन्ग्रिड मेटलँड बोलत होती.

"नेरिडा, बसली आहेस ना? तुझी चारशे बारा नंबरची फांदी. तू चिठ्ठीवर तिला साधी कंगवी, रस्त्याकडेचं नेहमीचं झुडूप, म्हटलं होतंस."

"कंगवीच ती."

"नाही. पानामागचे केस बघ. कंगवीचे सरळ, पानाला चिकटून असतात. हिचे कुरळे, उभे आहेत. ही नवीनच जात आहे. नाव ठरेपर्यंत रिवाजाप्रमाणे वंशाच्या नावापुढे गावाचं नाव, तुझं नाव आणि नमुन्याचा नंबर लागेल. ग्रेव्हिलिया, वांडिलप, एन. टोंकिन ४१२. अभिनंदन! तिथे झुडपं किती आहेत?"

"बघून सांगते," नेरिडा म्हणाली आणि फोन ठेवला.

बघण्यासारखं काही नव्हतं. अकरा होती. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, तिने मोजली होती.

"टोंकिनबाईंच्या नावाचं झाड!" ग्लेनिस पॅस्कोने केकचा डबाच उघडला. "माझ्या नावाचं तर गावात एक बाकडंसुद्धा नाही. काटे आहेत का गं त्याला?"

"आहेत."

"मग बरोबर आहे."

सगळ्या हसल्या. नेरिडाने कपाटातून फाइल काढली. फांदीचा एक तुकडा पर्थला जातो, एक इथे राहतो. तिने भिंग डोळ्याला लावलं. जुनी पानं गुळगुळीत होती. उन्हाळ्यापर्यंत त्यांचे केस झडून जातात. म्हणूनच शेंड्याची कोवळी पानं पाहायची असतात. नव्या बायकांना ती पहिल्या दिवशी हेच शिकवते. शेंड्याला दोन कोवळी पानं होती. कुरळे केस स्पष्ट दिसत होते. फांदी दाबताना ही पानं तिच्याच बोटांखालून गेली होती.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी पारा त्रेचाळीस अंशांवर होता, माश्या डोळ्यांत शिरत होत्या आणि क्लेमने ग्रेडर चालूच ठेवला होता. कंगवी ती लांबूनही ओळखायची, जशी बहीण चालण्यावरून ओळखू येते. भिंग पिकअपमध्ये होतं. वीस पावलांवर. ती गेली नाही. सवयीने एक फांदी तोडली आणि क्लेमला हाताने खूण केली, झुडपं काढ.

फोन आला त्याच दुपारी ती क्लेमला घेऊन तिथे गेली. रस्ता छान रुंद होता. कडेला लाल मुरमाची उघडी पट्टी होती, तिच्यावर गवतसुद्धा नव्हतं.

"म्हणजे तुझ्या नावाची झुडपं मी चिरडली?" क्लेम म्हणाला.

"मी सांगितलं म्हणून."

त्याने टोपी काढून हातात फिरवली. "हे बघ, नेर. मी सगळ्यांना सांगतो, पातं भरकटलं. डिसेंबरात मी निवृत्त होतोय, मला कोण काय करणार? म्हातारा क्लेम, डोळे अधू. मागे चर्चचं कुंपण पाडलं, तेव्हा गावाने विश्वास ठेवलाच ना?"

"तेव्हा तू प्यायलेला होतास."

"तेच तर म्हणतोय. माझं नाव आधीच खराब आहे. तुझं कशाला करतेस?"

तिला तो पर्याय आवडला. घरी पोचेपर्यंतचे चौदा किलोमीटर ती त्याच्यावर विचार करत होती, आणि हे तिला स्वतःलाच सगळ्यांत जास्त लागलं.

गुरुवारी सकाळी तिने पोस्टाची खोली उघडली. नमुन्यावरची चुकलेली चिठ्ठी काढून टाकायची नसते. तिच्याशेजारी दुरुस्तीची नवी चिठ्ठी चिकटवायची असते, सही आणि तारखेसह. मग दोन्ही तिथेच राहतात, जोवर कागद आहे तोवर. तिने नवीन चिठ्ठीवर झुडपाचं नवं नाव लिहिलं, त्यात स्वतःचंही. खाली लिहिलं: "या जागी अकरा झुडपं होती. शेंड्याची पानं न तपासता मी कंगवी ठरवली. माझ्या शब्दावरून रस्त्यासाठी काढली गेली. एकही उरलं नाही. एन. टोंकिन."

मग फोन लावून ते इन्ग्रिडला जसंच्या तसं वाचून दाखवलं.

इन्ग्रिडने विचारलं, "सगळी?"

"सगळी. माझं नाव काढता येईल का त्यातून?"

"नाही. नमुना तुझा आहे." मग ती म्हणाली, "बी मातीत असू शकतं. या झुडपांचं बी कधीकधी खरवडलेल्या जमिनीतच उगवतं. तीन वर्षांत काही आलं नसेल, तर मी फार आशा देणार नाही. पण तिथे पुन्हा ग्रेडर जायला नको."

शुक्रवारी क्लेम परिषदेच्या गोदामातून खांब घेऊन आला. नेरिडाने पावलं मोजून पट्टीची दोन्ही टोकं दाखवली.

"उघड्या मातीला खांब?" क्लेम म्हणाला. "माझ्या जागी येणारा नवीन ड्रायव्हर मला वेडा म्हणेल."

"त्याला सांग, टोंकिनबाईला शंका आहे."

क्लेमने हातोडा उचलला. पहिला खांब आत जाईपर्यंत ती गुडघ्यांवर बसली होती. या वेळी भिंग गळ्यात होतं. ती एका टोकापासून मुरूम पाहत निघाली, वीतभर झाला की पुढे, वीतभर झाला की पुढे.