चुकल्यावर काय होतंय, ते दाव

आप्पा मंगळवारी निपाणीत वारले.

पाच वर्षांपूर्वी मी पुण्याहून पदवी घेऊन मच्छे गावातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये रुजू झालो. आप्पा तिथले मुख्य अभियंता. पहिल्याच दिवशी मी केलेला एक प्रोग्राम त्यांना दाखवला. त्यांनी तो वाचला नाही. कळफलकावर कोपर टेकवून सावकाश भार टाकला. पडदा गोठला.

"चांगलं चाललं म्हंजे कुणाचंबी चालतंय," ते म्हणाले. "चुकल्यावर काय होतंय, ते दाव."

आम्ही सात जण मिळून एक संगणक बांधत होतो. संकेश्वरकडच्या एका साखर कारखान्याने तो उसाच्या वजनकाट्यासाठी घेतला तर वर्कशॉप चालणार होते, नाहीतर बंद. त्याचा कन्सोल ड्रायव्हर, म्हणजे कळफलक आणि पडदा ऑपरेटिंग सिस्टिमला जोडणारा प्रोग्राम, माझ्याकडे होता. तो लिहायला दोन फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडे, होती. एकात दाबलेले प्रत्येक बटण तत्क्षणी पुढे जाई. दुसरे अख्खी ओळ थोपवून धरी आणि रिटर्नचे बटण दाबेपर्यंत ती खोडू देई. मला पहिले हवे होते. ते चपळ होते, देखणे होते. दुसऱ्याला मी म्हैस म्हणे.

"म्हैस दूध देती रं," एवढे बोलून आप्पांनी वाद सोडला आणि मला हवे ते करू दिले.

चाचणीला आम्ही काट्यावर गेलो. तिथला कारकून वीस वर्षे एकाच पद्धतीने काम करत होता. आधी वजनाचा आकडा लिहायचा, मग मान वर करून काट्यावरच्या गाडीकडे पाहायचे. उसाच्या गाडीबरोबर काट्यावर गाडीवानही उभा असेच. त्याला खाली उतरवायचे, आकडा खोडायचा, नवा लिहायचा. यात कुणालाच काही वावगे वाटत नसे.

माझ्या ड्रायव्हरमुळे वजनाचा चौथा, म्हणजे शेवटचा अंक पडताच पावती छापून बाहेर आली. कारकुनाने मग मान वर केली आणि पावती परत मागितली. गाडीवानाने ती टोपीत खोचली.

"मशिनीनं वजन केलंय, अण्णा. मशीन खोटं बोलतंय व्हय?"

पुढच्या गाडीबरोबर काट्यावर तिघे चढले.

कारखान्याच्या मॅनेजरांनी यंत्र उचलायला सांगितले. मी वायरी गुंडाळू लागलो. आप्पांनी चहापुरता वेळ मागून घेतला आणि पिशवीतून एक फ्लॉपी काढली. तिच्यावर म्हशीवर बेतलेला ड्रायव्हर होता. दोन महिने रविवारी वर्कशॉपमध्ये येऊन त्यांनी तो लिहिला होता. आधी का सांगितले नाही, असे मी विचारले.

"सांगिटलं असतं तर ऐकला असतास व्हय?"

चहा झाला. कारकुनाने आकडा टाइप केला, मान वर केली, तिघांना उतरवले, आकडा खोडला, नवा घातला आणि रिटर्न दाबले. दुपारपर्यंत यंत्र घ्यायचे ठरले. हा बदल कुणी केला, असे मॅनेजरांनी विचारले. आप्पांनी माझ्याकडे बोट केले. मी गप्प राहिलो.

तो काटा अजून त्यावरच चालतो. ड्रायव्हरची छापील प्रत माझ्याकडे आहे. तिच्या पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचे नाव आप्पांनीच घातले होते. ते माझे आहे.