तानुबाईनं निवडलेलं भिंग

मेहकरात तेव्हा पोरगं फार वळवळायला लागलं की आई म्हणायची, "गप बस, नाही तर रहेमतुल्लाले बलावतो." आणि पोरगं खरंच गप बसायचं. रहेमतुल्ला काही मारकुटा नव्हता हो. पायाखाली मुंगी आली तर उडी मारून पलीकडे जाणारा माणूस. पण गावातला एकुलता एक फोटोवाला तो, आणि त्याच्या कॅमेऱ्यापुढे बसलं की हलायची सोय नव्हती. काळ्या कापडाखालून त्याचा आवाज यायचा, की आता हलायचं नाही, पापणीसुद्धा नाही. एरवी कोणाच्या बापाला न भिणाऱ्या पाटील-देशमुखांचे श्वास तिथं कोंडायचे.

बाप कल्हईवाला. पोरानंही भाता ओढावा एवढीच त्याची अपेक्षा. पण बुलढाण्याच्या कचेरीसमोर एक फिरता फोटोवाला तंबू ठोकून बसला होता, त्याची पेटी उचलता उचलता हा त्याचा धंदाच उचलून आला. लग्नाची जोडपी, शाळेतली पोरं, पेन्शनीत निघालेले तहसीलदार, सगळे त्याच्या काचेवर उतरले. आणि मेलेली माणसंही. जिवंतपणी फोटो काढायचा राहिलाय, आता निदान एक तरी असावा म्हणून लोक धावत यायचे, आणि हा हातातला घास टाकून जायचा. ती गिऱ्हाइकं मात्र कधी हलली नाहीत, असं तो म्हणायचा. 

तेव्हा फोटो काचेच्या तुकड्यावर निघायचा. माणूस हलला की फोटो पुसट, आणि पुसट फोटो म्हणजे वाया गेलेला. पण काच कशाला वाया घालवायची? ती बायकोकडे, अजीजुन्निसाकडे जायची. ती चुलीवर सोड्याचं पाणी उकळायची, काच त्यात बुडवायची आणि वरची चित्राची साय चोळून काढायची. स्वच्छ झालेली काच दुसऱ्या कोणाच्या फोटोच्या चौकटीत बसायची. मेहकरातल्या निम्म्या भिंतींवर अशा घासलेल्या काचा होत्या.

त्यांना एकच लेक होती, गुलनार. पायात भिंगरीच होती तिच्या. बाप कॅमेरा लावायचा, ही स्टुलावर बसायची, आणि बरोबर झाकण काढायच्या वेळी हिला अंगणात खार दिसायची. चार वेळा तिचा फोटो काढला, चारही वेळा ती हलली. चार काचा खराब झाल्या म्हणून रहेमतुल्ला तिला रागे भरला, आणि त्यानं त्या काचा घासायला टाकल्या. मग मानमोडीच्या तापाची साथ आली. गुलनार तेव्हा सहा वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी बापानं तिचा पाचवा फोटो काढला. तो अगदी स्पष्ट आला. त्यानं तो पेटीत टाकला, कुलूप लावलं आणि पुन्हा कधी पाहिला नाही.

त्यानंतर अठरा वर्षं गेली. पन्नाशीच्या तोंडावर या भल्या माणसाच्या डोक्यात एक खूळ शिरलं. उडत्या पाखराचा फोटो काढायचा! गाव हसलं. बसलेलं पाखरू सोडून उडतं काऊन पाहिजे, म्हणून लोकांनी भंडावून सोडलं. तो कोणाला सांगायचा नाही. अजीजुन्निसाला मात्र त्यानं सांगितलं होतं, की जन्मभर थांबलेल्यांचे फोटो काढले. जे थांबत नाही ते एकदा तरी मला धरता आलं पाहिजे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, उजव्या डोळ्यापुढे सकाळी धुकं असायचं. दोन-तीन हिवाळे हाती होते, फार तर.

हातात धरायचा, पटकन पडदा पडणारा एक जुना कॅमेरा त्यानं बदली होऊन जाणाऱ्या एका जंगल अधिकाऱ्याकडून घेऊन ठेवला होता. राहिलं होतं ते दूरचं जवळ आणणारं भिंग. वीस वर्षं ज्याच्याकडून काचा आणि कागद मागवले त्या नागपूरच्या दुकानदाराला त्यानं पत्र टाकलं. त्या भल्या माणसानं एक पैसा आगाऊ न मागता एका पेटीत दोन भिंगं पाठवली आणि लिहिलं, वापरून बघा, एक ठेवा, दुसरं पंधरा दिवसांत परत करा. असा विश्वास कोण टाकतो हो! रहेमतुल्लानं ते पत्र कुराणाच्या फळीवर ठेवलं.

एक भिंग हातभर लांब, चांगलं जाडजूड. दुसरं त्याच्या निम्मं, आणि दिसायला अगदीच बापुडं. रहेमतुल्लानं लांब भिंग तिपाईवर चढवलं आणि जुन्या देवळाच्या शिखराकडे रोखलं. दगडातलं कोरीव काम नखानं मोजावं इतकं लख्ख दिसलं. झालं, निकाल लागला! धाकटं भिंग त्यानं पेटीतून बाहेरसुद्धा काढलं नाही. आता यात चूक काय झाली ते तुमच्या-माझ्या लक्षात येईल, पण जन्मभर थांबलेली माणसं टिपणाऱ्याच्या कसं लक्षात यावं? देऊळ काही उडत नाही.

पौषाचे दिवस होते. पेनगंगेच्या वाळूत करकोचे रात्रीला उतरायचे आणि सकाळी उन्हं वर आली की हरभऱ्यावर जायचे. नदीकाठी किसनराव देशमुखांचा हरभरा होता, आणि त्याच्या राखणीला माचाणावर तानुबाई. साठीची, काटक, कमरेला गोफण. गोफणीचा दगड सुटला की बंदुकीसारखा आवाज व्हायचा, पण चाळीस वर्षांत तिनं एक पाखरू मारलं नव्हतं. त्यांना फक्त वळवायचं, एवढंच तिचं काम.

रहेमतुल्ला रोज सकाळी बांधावर तिपाई रोवायचा. करकोचे क्रर्र क्रर्र करत यायचे, हा लांब भिंगातून बघायचा, आणि आत नुसतं आभाळ! पाखरू कुठंच नाही. सापडलं तर मान वळवेपर्यंत निसटायचं. त्यातून त्या कॅमेऱ्याच्या आरशात सगळं उलटं. पाखरू डावीकडे निघालं की आत उजवीकडे पळायचं, आणि हा तिपाईसकट भलतीकडेच फिरायचा. लांब भिंगाचं तोंडही अरुंद, उजेड कमी शिरायचा, म्हणून पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागायचा. दहा दिवसांत अकरा काचा गेल्या. प्रत्येकीवर धुराची एक रेघ. घरी गेला की अजीजुन्निसा सोड्याचं पाणी चुलीवर ठेवायची. त्याच्या नाकी नऊ आले. अकराव्या दिवशी तो बांधावर डोकं धरून बसला.

माचाणावरून दहा दिवस हा तमाशा पाहणाऱ्या तानुबाईला शेवटी राहवलं नाही. ती खाली उतरली आणि पदर खोचून समोर उभी राहिली.

"काऊन जी फोटूवाले भाऊ, ही तोफ कोणावर डागून राह्यले तुमी?"

रहेमतुल्लाला हसू आलं. काय करायचं आहे ते त्यानं सांगितलं, आणि चार दिवसांत एक भिंग परत जाणार तेही सांगितलं. तिनं दोन्ही मागितली; धाकटं अजून सोबतच्या पेटीतच होतं. लांब भिंगाचा कॅमेरा तिनं तिपाईवरून काढून उचलला, कमरेतून एकदा वळून पाहिलं आणि बांधावर ठेवून दिला. मग धाकटं लावायला सांगितलं. ते घेऊन ती एका उडत्या पोपटामागं अशी वळली, की टाचेपासून मानेपर्यंत सगळं अंग एकदम फिरलं.

"हे ठेवा," ती म्हणाली. "ते लई दूर पाह्यते, पण त्याले वळता येत नाही. आन् भाऊ, पाखरू जिथं हाय तिथं नका पाहू. जिथं जाऊन राह्यलं तिथं पाहा. मी बी दगड तिथंच टाकतो."

 धाकट्या भिंगात पाखरू लहान दिसणार, देवळाच्या शिखराची नक्षी दिसणार नाही, हे रहेमतुल्लाला कळत होतं. आणि एकदा लांब भिंग परत गेलं की गेलं. दुसरं मागवायची ऐपत या जन्मात पुन्हा येणार नव्हती. पण ती वळली कशी, ते त्यानं पाहिलं होतं. तोंडाला फडकं बांधून खोकत बसलेला बाप त्याला आठवला. चांगलं भांडं कोणतं ते हातात घेतल्यावर कळतं, हे त्याच्या भात्यापाशीच तो शिकला होता. त्यानं त्याच दुपारी लांब भिंग पेटीत बंद केलं आणि नागपूरला धाडून दिलं. 

पुढचे तीन दिवस तानुबाईनं त्याला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. हातात गोफण दिली. पहिल्या दिवशी दगड मागं गेला आणि किसनरावांचा गडी थोडक्यात वाचला. दुसऱ्या दिवशी तो आभाळाशी गेला. ती हसायची, पाय गाडून उभं नका राहू म्हणायची, आणि पुन्हा दगड हातात द्यायची. तिसऱ्या दिवशी दगड पोपटांच्या थव्यापुढे हातभर गेला आणि अख्खा थवा वळला. पन्नाशीच्या माणसाला इतका आनंद झाला की त्यानं तिथल्या तिथं उडी मारली.

चौथ्या सकाळी दोनच काचा शिल्लक होत्या. करकोचे नदीवरून वर आले, ऊन त्यांच्या पोटाखाली लागलं होतं. रहेमतुल्ला आरशात पाखरू शोधत बसला नाही. कंबर फिरवली, ते जिथं चाललेत तिथं भिंग नेलं, आणि ते त्याच्या काचेत आले. त्यानं दोन्ही वेळा पडदा सोडला. तानुबाईनं त्या दिवशी पाखरांना गोफण दाखवली नाही. हरभरा गेला चुलीत, असं तिनं मागाहून किसनरावांनाच तोंडावर सांगितलं.

दुपारी अंधाऱ्या कोठडीतून तो ओली काच घेऊन अंगणात आला आणि उन्हाला धरून उभा राहिला. पहिली काच कोरीच निघाली होती. दुसरीवर एक करकोचा होता. मान लांब, डोळा स्पष्ट, पाय मागं ताणलेले. पण पंखांची टोकं हललेली, नुसतं धुकं. सवयीनं त्याचा हात चुलीकडे वळला. अजीजुन्निसानं हात पुढं केला.

"द्या. पाणी तापलंय."

तो काच पाहत राहिला. मग त्यानं ती मागं घेतली.

"नाही बीबी, ही घासायची नाही. पंख हलले आहेत. जिवंत आहे ते, हलणारच ना. हा चांगला फोटो आहे."

 अजीजुन्निसा आत गेली. धान्याच्या कणगीमागं काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एका लहान ओढणीत गुंडाळलेली काच होती.

"चारातल्या तीन मी घासल्या," ती म्हणाली. "चौथी घासायला हात झाला नाही. तुम्ही पुसट फोटोला फोटो मानत नव्हतात, म्हणून दाखवली नाही. रागावू नका, गुलनारचे अब्बा."

अठरा वर्षांत तिनं त्याला या नावानं हाक मारली नव्हती. त्यानं काच उन्हाला धरली. स्टूल रिकामं होतं. स्टुलापासून काचेच्या कडेपर्यंत एक पुसट पोर होती, एक वेणी वर उडालेली, तोंड हसत उघडं. एक पाऊल तेवढं जमिनीवर टेकलेलं, आणि ते स्पष्ट होतं, पैंजणासकट. रहेमतुल्ला चुलीपाशी मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडला. रडता रडता तो बायकोचे हात धरून पुन्हा पुन्हा आभार मानत होता, तिचे आणि अल्लाचे, आणि त्या नागपूरच्या दुकानदाराचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही फोटो कागदावर उतरवून तो शेतात गेला. करकोच्याचा फोटो त्यानं तानुबाईच्या हातात दिला आणि म्हणाला, हा तुमचा. तुमच्यामुळे मला काय मिळालं ते माझं मला ठाऊक. तिनं तो लांब धरला, जवळ धरला, पंखांवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. मग त्याच्या हातातला दुसरा फोटो तिला दिसला. तो त्यानं तोवर कोणाला दाखवला नव्हता. यात काय आहे, हा तर बिघडला, असं कोणी म्हणालं तर काय करायचं, ही धास्ती त्याला होती. त्यानं तो बिचकतच पुढे केला.

तानुबाईनं क्षणभरच पाहिलं. चाळीस वर्षं हलत्या जिवांवर नजर ठेवलेली बाई ती. तिचं तोंड हसरं झालं.

"अवं, कशी पळून राह्यली पोट्टी!" ती म्हणाली. "कोणाची हाय जी?"

"माझी," रहेमतुल्ला म्हणाला. "ऐकतच नाही कोणाचं."