सावद्याची आखाजी आणि माझ्या नावाचं बोट

"जळगावला? या उन्हात? काही काम निघालं का?" सोसायटीच्या जिन्यात शेजारणीने विचारलं.

"काम नाही, आमंत्रण आहे," मी म्हटलं.

हे खोटं नव्हतं. फक्त आमंत्रण बरंच जुनं होतं. फेब्रुवारीत ट्रंक आवरताना पमीची उरलेली अकरा आंतरदेशीय पत्रं सापडली. पमी म्हणजे प्रमिला, नाशिकच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात चार वर्षं माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारी. तिच्या वडिलांच्या केळीच्या बागा होत्या आणि लेकीला इंग्रजी यावं एवढ्यासाठी त्यांनी तिला इतक्या लांब ठेवलं होतं. शाळा संपली, ती लग्न होऊन सावद्याला गेली आणि दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी पत्र पाठवू लागली. शेवटची ओळ ठरलेली असे: "आखाजीला ये. झोका बांधलेला असतो."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात लेकी त्या सणाला माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. मी कधीच गेले नाही. तिच्या लग्नाच्या वेळी परीक्षा होती. मग नोकरी, घर, सासूबाईंचं आजारपण. उत्तर म्हणून दिवाळीला दोन ओळींचं कार्ड जायचं, तेही पुढे थांबलं. आठ वर्षांपूर्वी माझे यजमान माधव गेले. वर्षभराने मी नाशिकचं घर विकून पुण्याला लहान जागेत आले आणि नवा पत्ता तिला कळवायचा राहून गेला. आम्हाला मूल नाही. पत्रं वाचून संपली तेव्हा लक्षात आलं की मला कुठेतरी बोलावणारं असं माणूस आता हे एकच आहे, आणि ते आहे की नाही हेही मला ठाऊक नाही. पत्रावरच्या फोन क्रमांकावर काहीच लागत नव्हतं. मग मी तिकीट काढलं.

पहिला दिवस: जळगाव

पुण्याहून जळगावला रेल्वेने गेलात तर सकाळी लवकर उतरणारी गाडी घ्या. नऊनंतर स्टेशनाबाहेरचं ऊन तोंडावर मारल्यासारखं लागतं. स्टेशनाजवळ आठशे-हजारात बरी खोली मिळते. कूलरचा आवाज मोठा असतो, पण त्याच्याशिवाय तिथे कोणी टिकणार नाही.

दुपारभर पडदा ओढून पडून राहिले. संध्याकाळी शेवभाजी खायला बाहेर पडले. शेवभाजी सांगताना "तर्री कमी" असं आधीच सांगायचं, नाहीतर डोळ्यांतून पाणी येतं. वाढणाऱ्याने दोन ताटं मांडली.

"एकच," मी म्हटलं.

"एकट्याच का मावशी?" त्याने दुसरं ताट उचलत विचारलं. त्यात दुष्टपणा काहीच नव्हता. पण चार माणसांच्या टेबलावर एकटीने जेवताना समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहायचं की नाही, हे मला आठ वर्षांत ठरवता आलेलं नाही. डोळ्यांना पाणी आलं ते तर्रीचं, असं मी त्याला सांगितलं.

दुसरा दिवस: एसटी, तापी, सावदा

आखाजीच्याच दिवशी पहाटे एसटी पकडली. भुसावळ, फैजपूर करत सावद्याला पोचायला दोन तास धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे. गाडी बायकांनी, पिशव्यांनी आणि मांडीवरच्या मुलांनी भरलेली होती.

"आज गाडीत गडीमाणूस म्हणजे आमचा ड्रायव्हरच!" कंडक्टर बाई म्हणाली. "सगळ्या माहेरच्या ओढीच्या. सरका वं पुढे, माहेर काही पळून जात नाही."

माझ्या शेजारी एक जाडसर, हसऱ्या चेहऱ्याची बाई होती.

"कोणाकडे चाललात?"

"मैत्रिणीकडे."

"आखाजीले मैत्रिणीकडे?" तिला ते पटेना. "मायबाप नाही का तुमचे?"

"नाहीत आता."

"भाऊ?"

"नाही."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, डबा उघडला आणि एक सांजोरी माझ्या हातावर ठेवली. रव्याचं गोड सारण भरून तळलेली ती पुरी अजून कोमट होती. "खा," ती म्हणाली. "आज उपाशी नाही राहायचं." पुढे भुसावळपर्यंत ती तिच्या भावजयीला नावं ठेवत होती आणि मी मन लावून ऐकत होते.

भुसावळनंतर तापीचा पूल लागतो. तोवर दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी, तापलेली रानं. नदी ओलांडली की हळूहळू केळी सुरू होतात आणि मग संपतच नाहीत. एवढ्या उन्हात एवढं हिरवं पाहून डोळ्यांना खरं वाटत नाही. बागांच्या कडेने गरम वारा अडवायला हिरव्या जाळ्या बांधलेल्या, रस्त्यालगत ट्रक उभे, त्यांत केळीची पानं अंथरून घड रचलेले. मला ते पाहायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: पमी असेल का? आणि असली तर इतक्या पत्रांना गप्प राहिलेल्या बाईला दारात उभं करील का?

स्टँडवरच्या चहावाल्याला पत्रावरचा पत्ता दाखवला. त्याने घर सांगितलं. माणसांबद्दल विचारायचा मला धीर झाला नाही.

गल्ली शेणाने सारवल्यासारखी स्वच्छ होती. घराचं दार सताड उघडं. उंबऱ्यासमोर पाटावर एक बारीक, पांढऱ्या केसांची बाई पाठमोरी बसली होती. शेजारी काठी. तिची सून तबक धरून उभी होती. आत भिंतीशी पाण्याने भरलेली मातीची घागर, तिच्यावर लहान मडकं, त्यावर खरबूज आणि दोन आंबे मांडलेले. पूजा चालली आहे हे पाहून मी अंगणाच्या कडेला थांबले.

ती बाई कुंकवात बोट बुडवायची, उंबऱ्यावर एक उभी रेघ ओढायची आणि एक नाव घ्यायची. आखाजीला घरच्या गेलेल्या माणसांची अशी आठवण करतात, हे पमीने मला कधीतरी खाटेवर पडल्या पडल्या सांगितलं होतं. एकेका माणसाला एकेक बोट.

"मामंजी," ती म्हणत होती. "आत्याबाई. आबा. माय. मोठ्या जाऊबाई."

सून तबक बाजूला घ्यायला लागली.

"थांब वं, एक राहिलं." तिने पुन्हा बोट बुडवलं. "सुनंदा. माझी हॉस्टेलची सुनंदा."

माझं नाव सुनंदा.

आवाज दिला तेव्हा तो शाळेतल्यासारखा बारीक निघाला. "पमी."

ती वळली. उन्हात डोळे बारीक करून पाहू लागली. "कोण व माय? पुढे ये, डोयाले नाही दिसत."

"सुनंदा."

तबकातली कुंकवाची वाटी घरंगळली. सून चक्क एक पाऊल मागे सरली. पमीने माझ्या पायांकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग तोंडाकडे.

"एवढी वर्षं बोलावलं तं आली नाही," ती म्हणाली, "आन मेल्यावर आली!"

आणि आम्ही दोघी हसता हसता रडायला लागलो. सुनेला कोणाला आधी पाणी द्यावं ते कळेना.

झालं होतं असं. सहा वर्षांपूर्वी तिचं पत्र नाशिकहून परत आलं. त्याच सुमारास वर्तमानपत्रात निधनाची बातमी आली, माझ्याच नावाआडनावाची, नाशिकचीच, वयही जुळणारं. माझं नाव-आडनाव इतकं सर्रास आहे की बँकेतसुद्धा दर वेळी जन्मतारीख विचारतात. पमीने ते कात्रण डब्यात जपून ठेवलं होतं. मी वाचलं.

"अगं, ही निवृत्त शिक्षिका आहे," मी म्हटलं. "मी शिक्षिका कधी होते?"

"मग काय होती तू?"

मी कात्रणाची घडी घालून तिच्या हातात परत दिलं.

"मले काय माहीत तू काय करत होती," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कार्डावर 'शुभ दीपावली' लिहिलेलं असायचं. मास्तरीण असशील असं वाटलं. शायेत मोठ्यानं वाचायची ना तू."

खरं म्हणजे मी बत्तीस वर्षं टपाल खात्यात होते. लोकांची पत्रं ज्याची त्याला पोचावीत म्हणून. हे मी तिला तेव्हा सांगू शकले नाही.

तेवढ्यात शेजारच्या सखूअक्का आल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, जेवायच्या तयारीने. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने कोणालातरी जेवू घालतात. गेली पाच वर्षं माझ्या नावाने सखूअक्का जेवत होत्या. मी कोण हे कळल्यावर त्या दारातच थबकल्या.

"जित्या माणसाचं बोट ओढलं?" त्या पमीला म्हणाल्या. "पूस ते आधी."

"उंबऱ्यावरचं आज पुसत नाही, अक्का. तुम्हीच तं शिकवलं."

"मग आता करायचं काय?" आणि जरा थांबून, हळूच, "आन माझ्या जेवणाचं काय?"

पमीने माझ्याकडे पाहिलं. कपाळाकडे, गळ्याकडे. सकाळपासून पहिल्यांदाच तिने नीट पाहिलं असावं.

"यजमान?"

"आठ वर्षं झाली."

"त्याहिच्या नावानं कोणी ओढतं का?"

मी नाही म्हणून मान हलवली. आमच्या घरी ही रीत नव्हती. दुसरं कोणी घरात नव्हतंही.

"नाव काय वं त्याहिचं? पत्रिकेत वाचलं होतं, आता ध्यानात नाही."

"माधव," मी म्हटलं. किती दिवसांनी ते नाव मोठ्याने उच्चारलं! घरी कोणाला हाक मारायची असते?

पमी पुन्हा पाटावर बसली. माझ्या रेघेवर तिने बोट टेकवलं आणि तीच रेघ वरपासून खालपर्यंत पुन्हा गिरवली. "माधवराव," ती म्हणाली. "झालं. आता ही त्याहिची."

"म्हणजे मी आता पुरुष होऊन जेवू?" सखूअक्का म्हणाल्या.

"जेवा वं. रस बायामाणसाले आन गड्याले एकच लागतो."

जेवणाचं लिहायलाच हवं. खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे, रुमालासारखे घडी घातलेले. आमरस, कटाची झणझणीत रस्सी, कुरडया, भजी. हॉटेलात हे मिळणार नाही. त्यासाठी कोणाच्या तरी घरी तुमची ओळख लागते.

उतरत्या उन्हात बागेत गेलो. केळीच्या बागेत शिरलं की एकदम सावली आणि ओल. घड कापून नेलेले बुंधे तसेच उभे होते. प्रत्येकाच्या पायाशी एक कोवळं पील, केळीचा नवा कोंब. "तोडत का नाही हे बुंधे?" मी विचारलं. "राहू द्यायचं थोडे दिवस," पमी म्हणाली. "त्यातलं पाणी पिलाले जातं." ती हे रोजचं काम म्हणून सांगत होती. मी मात्र ते बुंधे जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

बांधावरच्या कडुनिंबाला झोका होता. पोरीबाळी उतरल्यावर आम्ही दोघी फळीवर शेजारी शेजारी बसलो. तिचे गुडघे गेलेले, माझी कंबर. पायाने जेवढा हलेल तेवढा हलवला. अर्ध्या तासात वसतिगृहाच्या सगळ्या आठवणी संपल्या. मग ती नातवंडांबद्दल आणि ठिबकच्या नळ्यांबद्दल बोलली, मी ऐकलं. मी पुण्याबद्दल काही सांगितलं, तिने ऐकलं. चार वर्षं एका खोलीत काढलेल्या आम्हा दोघींना नंतरच्या आयुष्यातली एकमेकींची एकही गोष्ट ठाऊक नव्हती. झोका होता, पमी होती, आणि तरी मला फार एकटं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण ते खरं आहे.

तिसरा दिवस: परत

सकाळी निघताना उंबऱ्यावरची कुंकवाची बोटं बरीचशी पायांनी पुसली गेली होती. शेवटचं अजून दिसत होतं. मी ते ओलांडून बाहेर आले. सुनेने पिशवीत केळ्यांची फणी ठेवली. पमी काठी टेकत कोपऱ्यापर्यंत आली.

"पुढच्या आखाजीले ये," ती म्हणाली. "नाही आली तं मी बोट ओढीन. खरं-खोटं विचारत बसणार नाही."

"आणि तू नसलीस तर?"

"मग तू ओढ. शिकली ना आता?"

घरी

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: फिरायला म्हणून जाणार असाल तर थंडीत जा. हवा बरी असते आणि शेतात वांगी भाजून केलेलं भरीत मिळतं. कोणी बोलावलं असेल तर मात्र ऋतू पाहू नका.

केळी पिकायला चार दिवस लागले. दोन मी खाल्ली, उरलेली शेजारणीला दिली. "कसं झालं आमंत्रण?" तिने विचारलं. "उशीर झाला होता," मी म्हटलं, "पण जेवायला मिळालं."

काल पोस्टात गेले आणि आंतरदेशीय पत्र मागितलं. खिडकीतल्या मुलीने खालचा खण उघडून शोधून दिलं. पमीचा मोबाइल क्रमांक आता माझ्याकडे आहे, पण फोनवर आम्ही "जेवलीस का"च्या पुढे जात नाही. रात्रीच्या जेवणाआधी टेबल पुसून बसले. तारीख घातली, 'प्रिय पमी' लिहिलं. पेनचं टोपण दोनदा लावलं आणि काढलं. मग पहिली ओळ लिहिली.

"मी शिक्षिका नव्हते. मी टपाल खात्यात होते, आणि पहिल्या दिवशी मला बसवलं ते पत्ता न लागलेल्या पत्रांच्या टेबलावर."

तिथून पुढे मात्र हात थांबला नाही. घडीची बाजूसुद्धा भरली. आज आणखी दोन आंतरदेशीय आणायला जायचं आहे.