उलटा ठेवलेला रेफ्रिजरेटर

“ह्यो ठोका मला ठावं हाय.”

परसदारी मागच्या विणकर गल्लीतली कमळाक्का आमच्या स्वयंपाकाच्या काकूंना सांगत होती. मी आत खिडकीशी वाचत बसले होते, म्हणून कानावर पडलं. ठोका म्हणजे आमच्या रेफ्रिजरेटरचा.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, आणि भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जायची. हे लिहितानाही संकोच वाटतो आहे. पण जे झालं ते झालं तसं लिहिते.

आमचं घर शहापुरात, परसामागे विणकरांची गल्ली. वीज तिथवर आलेली नव्हती. रेफ्रिजरेटर रॉकेलवर चालणारा, खाली दिवा पेटवायचा. लष्कराच्या कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा आप्पांनी विकत घेतला, तो केवळ आईसाठी. आईला मधुमेह, आणि इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. लढाईमुळे मुंबईहून पुढच्या बाटल्या कधी येतील याचा नेम नव्हता. होत्या तेवढ्या जपायच्या होत्या.

त्या उन्हाळ्यात तो वाजायला लागला. खट्-खट्... जरा थांबून... खटाक्. वाजायला लागला की आतला गारवा जायचा.

आप्पांनी कॅम्पातून मेस्त्री बोलावला. त्याने मागच्या नळ्यांना कान लावला आणि म्हणाला, “आत गॅस अडकलाय, वकीलसाहेब. दिवा काढायचा, रिकामा करायचा, आणि डोकं खाली करून ठेवायचा उद्यापर्यंत.”

“म्हणजे शीर्षासन!” आप्पा म्हणाले. “चला, या घरात कुणीतरी व्यायाम करणार.”

आईसुद्धा हसली. मेस्त्री हसला नाही. “सरळ केल्यावर पण वाजला तर मात्र भंगारात घाला. माझ्याकडे इलाज नाही.”

चौघांनी मिळून तो मागच्या पडवीत उलटा ठेवला आणि दार सुंभाने बांधलं. माठाला बाहेरून ओला पंचा गुंडाळला आणि इन्सुलिन माठात ठेवलं. त्या उकाड्यात माठाचा कितीसा भरवसा! आई दर थोड्या वेळाने पंचा भिजवत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतले माग जेवणासाठी थांबले. एरवी दिवसभर चालणारा खडखडाट बंद झाला, आणि पडवीतून आवाज आला. खट्-खट्... खटाक्.

मी जाऊन पाहिलं. दिवा काढलेला, आत काही नाही, पत्रा गार. तरी हात ठेवला तर तळव्याला हादरा लागत होता.

कमळाक्का परसातून आत आली होती. तिचा नवरा तम्माण्णा आदल्या वर्षी वारला, मागावर बसल्या बसल्या. तो एका पायाने अधू होता.

“ऐकलीस न्हवं?” ती म्हणाली. “मागाच्या पावडीवर अधू पाय उशिरा पडायचा त्यांचा. समदी गल्ली वळखायची.”

मी म्हटलं, नळीत काहीतरी अडकलं असेल.

“आसंल की. पर ऐक गं बाळ... माग सुरू असला की त्यास्नी दुसरं काय ऐकू यायचं न्हाय. दारात उभारून नावानं हाक मारली तरच उठायचे. म्या बायको, म्या नाव कसं घेऊ? सासूबाई मारायच्या हाक. त्या दिशी सासूबाई निपाणीला, लेकीकडं गेलत्या. म्या ताटावर वाटी वाजवली, खोकले... त्यास्नी कळलंच न्हाय. उपाशीच गेले.”

“मग आता घे ना नाव,” मी म्हटलं.

“आता तर न्हायच घेनार. तू मार की हाक. ताट वाढून आलेय म्या.”

मी मोठ्याने कुणाला हाक मारत नाही. घरातसुद्धा उठून जवळ जाते आणि मग बोलते. त्यातून एका लोखंडी कपाटाला! पण ती वाट पाहत उभी होती. आत आई पुन्हा पंचा भिजवत होती, आणि ते उलटं ठेवलेलं धूड वाजतच होतं.

मी हाक मारली. ठोका मध्येच थांबला. दोन झाले, तिसरा आलाच नाही.

संध्याकाळी मेस्त्रीने तो सरळ करून पेटवला. सकाळी पाण्यावर बर्फाची साय धरली होती, आणि बाटल्या आत गेल्या. तेव्हापासून आवाज नाही. आप्पा म्हणतात, गॅस सुटला. मेस्त्रीला मी विचारलं, दिवा नसताना कसा वाजला? तो म्हणाला, वाजणारच नाही, बाई. माझ्या विज्ञानाच्या शिक्षिका म्हणाल्या, पत्रा आकुंचन पावत असेल. पण पत्रा तर आदल्या दिवसापासून गारच होता. मला अजून काही कळलेलं नाही.

आई मात्र विचारते, तू त्या दिवशी एवढ्या मोठ्याने काय ओरडलीस? मी आजवर टाळलं. मी म्हणाले होते, “तम्माण्णा, माग थांबवा आता. ताट वाढलंय... कमळाक्का अजून जेवलेली नाही.”