नऊ आरसे आणि एक प्रोसेसर

एकतीस वर्षं बस चालवली पण गाडीला एक ओरखडा नाही, हे तो कुणालाही सांगायचा. विचारलं तरी सांगायचा, नाही विचारलं तरी सांगायचा. केस कापताना न्हाव्याला सांगायचा. दात काढायला गेला तेव्हा तोंडात चिमटा असताना डॉक्टरला सांगायला गेला, आणि डॉक्टरनं चुकीचा दात धरला. आगारात त्याचं नावच बिनओरखडा पडलं होतं. तोंडावर बिनओरखडा आणि पाठीमागेही तेच, म्हणजे तेवढं भाग्य.

निवृत्त झाला आणि दोन महिन्यांत घर त्याला बसथांब्यासारखं वाटायला लागलं. नुसतं उभं राहायचं आणि कुणी येतंय का बघायचं. तेवढ्यात जावयानं नवीन कॉम्प्युटर घेतला आणि जुना सासऱ्याकडे पोचवला. त्यात गेम खेळायचं ग्राफिक्स कार्ड होतं. सात वर्षांपूर्वी ते कार्ड घेतलं तेव्हा जावयानं आठवडाभर पेढा मिळाल्यासारखं तोंड केलं होतं. बाकीची यंत्रणा मात्र हात राखून घेतलेली. सोबत ट्रक चालवायचा एक गेम आणि टेबलाला आवळून बसवायचं एक स्टिअरिंगही आलं.

बिनओरखडा त्यावर बसला तो बसलाच. सकाळी नाष्टा झाला की पायात बूट घालायचा, कारण अनवाणी ब्रेक दाबणं त्याला पटत नव्हतं. बसण्याआधी टेबलाभोवती एक फेरी मारायचा, टेबलाच्या चारी पायांना हळूच लाथ घालून बघायचा, मग खुर्चीत बसायचा. बायको म्हणायची, "टेबलात हवा भरून आणू का?" तो ऐकायचा नाही. चालकाला गाडी सुरू करायच्या आधी गाडीशी बोलू द्यावं, एवढंच त्याचं म्हणणं.

या गेममध्ये एक ताफा होता. ठिकठिकाणचे सतरा जण आपापल्या घरी बसून एकामागोमाग एक ट्रक लावून जायचे, कानात हेडफोन, पुढच्याला मागचा सांभाळून. त्या ताफ्यात घुसायचं तर परीक्षा होती. गोदामातून माल भरायचा, भर शहरातून बंदराच्या फाटकापर्यंत न्यायचा, आणि गाडीला कुठंही घासायचं नाही. ताफाप्रमुख दुसऱ्या ट्रकमधून मागोमाग यायचा. नापास झाला तो वर्षभर बाहेर. एकच सवलत होती. चित्र अडखळल्यामुळे ठोकर बसली असं चालकानं सांगितलं, तर ती धरायची नाही. चालकाचा शब्द प्रमाण.

बिनओरखड्यानं पहिल्याच दिवशी एकतीस वर्षांचं ते वाक्य सतरा जणांना ऐकवून ठेवलं होतं. आता मागं फिरायला वाट नव्हती.

पहिली परीक्षा चौकात संपली. मोठा गोल चौक, पाच रस्ते, गाड्याच गाड्या. मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखा पळणारा ट्रक चौकात शिरला की चित्र गचके खायचं. डोळ्याची पापणी लवावी तेवढं थांबायचं, आणि पुन्हा चालू होईस्तोवर ट्रक दुभाजकावर चढलेला असायचा. "अडखळलं," तो म्हणाला. ताफाप्रमुखानं मान्य केलं. दुसऱ्या वेळी तिथंच, तसंच. "अडखळलं." तेही मान्य झालं, पण प्रमुख म्हणाला, "पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता या. तोवर मशीन दुरुस्त करून घ्या, साहेब. तिसरी संधी शेवटची."

हे दोन्ही वेळा मेव्हण्यानं वहीत लिहिलं. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच आगारात तक्रारवही सांभाळायचा. निवृत्त झाला तरी हाताची खोड गेली नव्हती, म्हणून दाजींच्या कॉम्प्युटरसाठी त्यानं घरीच एक वही घातली होती. रकाने तेच. तारीख, वाहन, दोष, उपाय. त्याचं अक्षर इतकं सुंदर होतं की दोषसुद्धा वाचायला बरे वाटायचे.

प्रोसेसर मंद आहे, तो बदलायचा, असं बिनओरखड्यानं फोनवरच सांगून ठेवलं होतं. शनिवारी दुपारी दुरुस्तीवाला घरी आला. पाठीला पिशवी, कपाळावर बॅटरी, आणि तोंडात उत्तर आधीच तयार.

"काका, प्रोसेसरच्या नादाला लागू नका. कार्ड सात वर्षांचं आहे. वेगवान प्रोसेसर घातला म्हणून त्याच्या अंगात काय तरुणपण येणारंय का? बदलायचं तर कार्ड बदला."

"अरे, पण मोकळ्या रस्त्यावर बरं पळतं की!"

"पळतं, कारण तिथं कमी काम आहे."

बायको बाजूला बसून चादरींच्या घड्या घालत होती. ती टपालखात्यात छाटणीला होती. सव्वीस वर्षं पाकिटं खणाखणांत टाकण्यात गेलेली. तिनं घडी मोडली नाही, मानही वर केली नाही.

"मला एक सांग बाळा. चित्र काढतं कोण?"

"कार्ड, काकू."

"आणि काय काढायचं ते त्याला सांगतं कोण?"

"प्रोसेसर. कुठली गाडी कुठं आहे, कुणाला लाल दिवा, कोण वळतंय, हे सगळं तो ठरवतो आणि कार्डाच्या हातात देतो."

"म्हणजे एक छाटणीवाला आणि एक पोस्टमन." तिनं चादर मांडीवर ठेवली. "आमच्याकडे एक म्हातारा पोस्टमन होता. पत्रं उशिरा येतात म्हणून सगळा गाव त्याच्या नावानं ओरडायचा. साहेबानं त्याला सायकल नवी दिली, तरी पत्रं उशिराच. बिचारा सकाळी नऊपासून पायरीवर बिड्या ओढत बसलेला असायचा. आतून पिशवीच मिळायची नाही, तर वाटणार काय? गर्दीच्या दिवसांत छाटणीला माणूस एकच आणि तो मंद."

"कोण होतं गं ताई छाटणीला?" मेव्हण्यानं विचारलं.

"मीच," ती म्हणाली आणि पुढची चादर घेतली.

दुरुस्तीवाला हसला, पण त्याचं हसू मध्येच थांबलं. कपाळावरची बॅटरी उगाच विझवली, पुन्हा लावली.

"बरं, मग कळणार कसं, दोष कुणाचा ते?" बिनओरखड्यानं विचारलं.

"पोस्टमनची पिशवी हलकी करून बघा," बायको म्हणाली. "तरीही उशीर झाला तर त्याला बोल लावू नका."

ते दुरुस्तीवाल्याला पटलं, आणि आपल्याला आधी सुचलं नाही याचा रागही आला. त्यानं पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दिसतील असं केलं. एका सेकंदात किती चित्रं निघतात तो एक आकडा, कार्डाला किती काम आहे तो दुसरा, प्रोसेसरला किती तो तिसरा. पूर्ण चित्रावर मोकळ्या रस्त्यात सत्तावन्न निघत होती आणि कार्ड घाम गाळत होतं. चौकात एकवीस. मग त्यानं चित्राची बारकाई निम्म्यावर आणली, म्हणजे कार्डाचं ओझं कमी. मोकळ्या रस्त्यात आकडा उडी मारून चौऱ्याऐंशीवर गेला.

"आता चौकात घाला, काका."

बिनओरखड्यानं ट्रक चौकात घातला. चौघंही पडद्यावर वाकली. एकवीस. बघता बघता बावीस, आणि परत एकवीस. कार्डाला शंभरातलं चाळीससुद्धा काम नव्हतं. ते खरंच पायरीवर बसून बिड्या ओढत होतं. आणि प्रोसेसरचा एक कप्पा, म्हणजे कोअर, शंभराला टेकून तसाच थिजलेला.

"सापडला चोर!" बिनओरखडा खुर्चीतून उठलाच. "मी म्हणत नव्हतो? लिही रे, वहीत लिही!"

मेव्हण्यानं लिहिलं. दोष: प्रोसेसर मंद. उपाय: बदलणे.

दुरुस्तीवाला संध्याकाळी परत आला. कुठल्याशा ऑफिसच्या मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरमधून, याच मदरबोर्डवर बसेल असा सगळ्यात वेगवान प्रोसेसर त्यानं काढून आणला होता. जुना काढला, प्रोसेसर तापू नये म्हणून लावलेला, वाळून खपली झालेला लेप पुसला, नवा लेप लावला, पंखा बसवला. चित्र पुन्हा पूर्ण बारकाईवर आणलं. मोकळ्या रस्त्यात आकडा पाहिला. सत्तावन्न. एकाचाही फरक नाही.

"बघा, म्हणालो होतो," दुरुस्तीवाला म्हणाला. त्याचा चेहरा उजळला.

मग ट्रक चौकात गेला. सेहेचाळीस. गचका नाही, धक्का नाही, गाड्या पाण्यातल्या माशांसारख्या सरकत होत्या.

"बघा, म्हणालो होतो," बिनओरखडा म्हणाला. दोघंही बरोबर होते, त्यामुळे दोघांनाही म्हणावं तसं समाधान मिळालं नाही.

रविवारी सकाळी पावणेदहाला तो बूट घालून तयार होता. टेबलाभोवती फेरी झाली, चार लाथा झाल्या. मेव्हणा वही घेऊन डाव्या हाताला, बायको दारात. सुट्टी म्हणून मुलीचा फोन आला तर तिला, "बाबा परीक्षेत आहेत," असं सांगण्यात आलं.

ट्रक निघाला. गोदाम, पूल, बाजाराची गल्ली, सगळं नीट. हेडफोनमधून ताफाप्रमुखाचा आवाज आला, "छान चाललंय साहेब. एकतीस वर्षं दिसतायत."

चौक आला. कोपऱ्यात सेहेचाळीस, सत्तेचाळीस. बिनओरखड्यानं वेग कमी केला, डावीकडे पाहिलं. डावीकडून एक लाल गाडी येत होती. त्याला ती स्वच्छ दिसली. तिचा पुढचा दिवा दिसला, काचेवरचा उजेड दिसला. ती थांबेल असं त्याला वाटलं, मग थांबणार नाही असं वाटलं, मग पाय ब्रेककडे गेला. पाय निघाला वेळेवर, पोचला मात्र अंमळ उशिरा. कर्रर्र. लाल गाडीच्या दारावरून त्याच्या ट्रकचा बंपर घासत गेला, सावकाश, एका सेकंदाला सेहेचाळीस चित्रांत, एकही न गाळता.

मेव्हण्यानं वहीतून मान वर केली.

"साहेब," हेडफोनमधून मेव्हण्यालाही ऐकू जाईल असा आवाज आला, "चित्र अडखळलं का?"

मेव्हण्यानं त्याच्या खांद्यावर बोट टोचलं. "दाजी, हो म्हणा. शब्दावर आहे सगळं. हो म्हणा आणि मोकळे व्हा."

हो म्हणायची सवय होती. आगाराच्या फाटकाला खांब होता आणि त्या खांबाला एकतीस वर्षांत बिनओरखड्याची बस नऊ वेळा चाटून गेली होती. नऊही वेळा मेव्हण्यानं आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: दोष, आरसा सैल. उपाय, बदलणे. नऊ चांगले आरसे काढून नऊ नवे बसले. वर्कशॉपमधल्या मेकॅनिकला, आरसे नीट कसत नाही म्हणून, दोन मेमो मिळाले. तो मेकॅनिक शेवटपर्यंत आरसा दोनदा कसायचा आणि तिसऱ्यांदा हलवून बघायचा. निवृत्तीच्या दिवशी त्यानं बिनओरखड्याचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "तुमच्या गाडीचाच आरसा कसा सुटायचा, मला कधी कळलंच नाही." बिनओरखड्यानं हात सोडवून घेऊन गळ्यातला हार सारखा केला होता.

"साहेब? ऐकू येतंय का?"

त्यानं कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहिलं. सेहेचाळीस. मग दारात उभ्या बायकोकडे पाहिलं. उशिरा का होईना, "मीच" म्हणून चादर घडी करायला लागणाऱ्या बाईनं वेगळं काही बोलायची गरजही नव्हती.

"चित्र ठीक होतं," तो म्हणाला. "मीच ब्रेक उशिरा दाबला."

ताफाप्रमुखाला ते पटेना. "नक्की? नाही, म्हणजे आमच्या सतराही जणांचं पहिल्या दोन-तीन वेळा अडखळलंच होतं. मग घेतलं त्यांना. तुम्ही नुसतं म्हणालात तरी..."

"अडखळलं नाही. मस्त दिसत होतं."

"मग साहेब, नियम आहे. पुढच्या वर्षी या."

चौकापलीकडे वाट बघत थांबलेला ताफा निघून गेला. सतरा बिनओरखडे ट्रक एकामागोमाग बंदराच्या रस्त्याला लागलेले पडद्यावर थोडा वेळ दिसत राहिले.

"काय केलंत हे दाजी!" मेव्हणा कळवळला. "नऊ आरसे पचवले, एक दार पचवायचं होतं फक्त!"

तेवढ्यात दुरुस्तीवाल्याचा फोन आला. "काका, पडला का फरक प्रोसेसरनं?"

"पडला. आधी ठोकलेलं दिसत नव्हतं, आता दिसतं."

"मग कार्डही बदलून टाकू का?"

"नको. आता पुढचा जुना भाग मी आहे. तो मिळतो का बघ कुठल्या ऑफिसच्या मोडीत."

फोन ठेवून त्यानं बूट काढले. मेव्हणा पेन उघडून बसला होता. तारीख लिहून झाली होती, वाहनही लिहून झालं होतं. दोषाच्या रकान्यावर पेन अडलं.

"काय लिहू? स्टिअरिंग ओढतं लिहू?"

"चालकाचा दोष लिही."

"दाजी, चालकाचा रकाना आपल्या वहीत नाही. कधीच नव्हता."

बायको आत गेली, पट्टी घेऊन आली आणि वहीवर ठेवली.

"मग आखा," ती म्हणाली.