अलेक्झांड्रियाच्या म्युझियममधला निरोप

मंडळी, आज शाळेतून घरी येऊन चप्पल काढते न काढते तोच आमच्या ह्यांचा व्हिडिओ कॉल आला.

हे आधी इथंच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते. आता वर्षभर इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाच्या एका कापड गिरणीत आहेत. मी मुलांना इतिहास शिकवते, म्हणून आजची सुट्टी (तिकडं शुक्रवारी असते) त्यांनी मला शहर दाखवण्यात घालवली.

आधी समुद्राकाठचा किल्ला दाखवला. म्हणाले, "तू शिकवतेस तो दीपस्तंभ इथंच होता म्हणे. पडल्यावर त्याचेच दगड किल्ल्याला वापरले."

मग म्युझियम. तिथं एका जुन्या थडग्याच्या दगडापाशी ते थांबले. त्यावर कोरलेली, खुर्चीत बसलेली एक बाई आणि समोर उभा पुरुष. दोघांनी एकमेकांचा हात धरलेला.

माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंनी विचारलं, "काय करायलेत ती दोघं?"

"निरोप घेतायत, आई. बायको वारलीय."

सासूबाई फोनजवळ सरकल्या. "एवढी वर्सं झाली, तरी हात सोडला न्हाय की त्यानं."

ह्यांच्या हातातला फोन खाली झुकला. स्क्रीनवर नुसती फरशी आणि त्यांचे बूट दिसत होते. मी म्हटलं, "अहो, दगड पुरे. आता तुमचं तोंड दाखवा."

मला ते सगळं त्यांच्या शेजारी उभं राहून बघायचं होतं.

तुमचंही कुणी लांब असेल, तर बोलणं संपल्यावर आधी फोन कोण ठेवतं? आमच्यात आज कुणीच ठेवेना. शेवटी नेटच गेलं.