सातच्या बसची तपासणी

हे मी आजवर फक्त बायकोला सांगितलंय, तेही तिनं खोदून खोदून विचारलं म्हणून. पण तुम्ही एवढा आग्रहानं चहा पाजताय, तर ऐका. माझी अब्रू गेली त्याची गोष्ट आहे. ती कुणी घेतली नाही, मीच माझ्या हातानं छापून वाटली.

मी अकोल्याला एका दैनिकात उपसंपादक आहे. फार मोठं दैनिक नाही. संपादक अमरावतीला बसतात, आणि अकोल्याची दोन पानं आम्ही तिघं मिळून भरतो. मागच्या निवडणुकीत संपादकांच्या डोक्यात आलं की उमेदवार भाषणात जे काही सांगतात, ते तपासून रोज एक चौकट छापायची. खरं असेल तर खरं, खोटं असेल तर खोटं. काम माझ्याकडं आलं. कारण काय, तर माझं घराणं शिक्षकांचं. आजोबा मास्तर, वडील हेडमास्तर, बायको मंगला अजून शाळेत शिकवते. दुसऱ्याच्या चुका काढणं तुमच्या रक्तातच आहे, असं संपादक म्हणाले. मला ती स्तुती वाटली, बघा.

आठवडाभरात माझा भाव वाढला. जठारपेठेत भाजी घ्यायला गेलो तरी लोक थांबवायचे. आज कोणाची धुलाई, म्हणून विचारायचे. मी नुसता हसायचो. निःपक्षपाती माणसानं जास्त बोलू नये, अशी माझी समजूत.

निःपक्षपाती! आता तो शब्द आठवला तरी कान गरम होतात.

आमच्याकडं लढत दोघांत होती. एक वकीलसाहेब. माणूस कसा, तर इस्त्रीच्या घडीसारखा. बोलणं शुद्ध, आवाज हळू, भाषणात एखादा श्लोक. दुसरा उत्तमभाऊ. गडी कपाशीच्या शेतातून थेट स्टेजवर चढल्यासारखा. ‘मले’, ‘तुमाले’, मधेच हिंदी, आणि आवाज असा की लाऊडस्पीकर नसता तरी चाललं असतं. आता मी स्वतः घरी ‘मले भूक लागली’ असंच म्हणतो, पण ते घरी. स्टेजवरून कोणी तसं बोललं की माझ्या मनात आपोआप लाल शाई वाहायला लागायची. त्याला पक्षपात म्हणतात हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर मी भांडलो असतो.

वकीलसाहेब एका सभेत म्हणाले की त्यांनी पाच गावांत मुलांसाठी अभ्यासिका काढल्या. मी तपासायला कुठं गेलो असेन? त्यांच्याच घरी. त्यांनी पोहे दिले, फोटोंचा अल्बम दाखवला. फोटोत कपाटं होती, कपाटांसमोर वकीलसाहेब होते. मी दुसऱ्या दिवशी छापलं: खरं.

चार दिवसांनी उत्तमभाऊ तेल्हाऱ्याकडच्या एका सभेत गरजले. त्या भागात एक लहानसं गाव आहे, नाव सांगत नाही. तिथं शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर सहा किलोमीटरवरच्या मोठ्या गावात जावं लागतं. भाऊ म्हणाले, “त्या गावच्या पोरीयसाठी सकाळी सातची बस म्या आणली. म्या!”

मला वाटलं, सापडला.

मंगला म्हणाली, शाळेत एक फोन करून विचारून घे ना. मी म्हटलं, फोनवर पत्रकारिता होत नसते, प्रत्यक्ष जावं लागतं. वकीलसाहेबांच्या वेळेला हे तत्त्व कुठं गेलं होतं, असं तिनं विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

शनिवारी कचेरी आटोपून मी तेल्हाऱ्याला मावसभावाकडं मुक्काम केला. पहाटे त्याची मोटरसायकल घेतली आणि साडेसहाला त्या गावच्या फाट्यावर हजर. स्वेटर घातला तरी कुडकुडत होतो, पण अंगात भलताच उत्साह. सात वाजले. बस नाही. साडेसात झाले. बस नाही, आणि एक पोरगीही नाही. मी रिकाम्या रस्त्याचे फोटो काढले. चांगले आठ-नऊ काढले, वेगवेगळ्या कोनांतून. फाट्यावर एक म्हातारबा शेळ्या घेऊन आले. त्यांना विचारलं, सातची बस येते का हो?

ते म्हणाले, “आज नाही येत.”

मी वहीत लिहून घेतलं. आभार मानले. परतीच्या रस्त्यानं चक्क गाणं म्हणत आलो.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. शनिवारी मुक्काम केला, म्हणजे दुसऱ्या दिवशी वार कोणता? शिक्षकांच्या तीन पिढ्या मागं उभ्या असलेला हा माणूस शाळेच्या बसची तपासणी करायला रविवारी गेला होता.

पण तेव्हा हे डोक्यात येणार कसं? डोक्यात फक्त मथळा होता. सोमवारी चौकट आली: ‘पोरींची बस कागदावरच!’ खाली रिकाम्या रस्त्याचा फोटो, आणि त्याखाली, ‘गावकरी सांगतात, बस येत नाही.’ म्हातारबांच्या तीन शब्दांतला एक शब्द मी खाऊन टाकला होता. मुद्दाम नव्हे हो. जागेच्या हिशेबानं वाक्य आटोपशीर केलं, एवढंच. आम्ही उपसंपादक दुसरं काय करतो?

वकीलसाहेबांचा फोन आला. लेखणी निर्भीड आहे म्हणाले. त्यांच्या माणसांनी ती चौकट मोबाइलवरून जिल्हाभर फिरवली. आणि मग कोणीतरी वर तक्रार केली की ही बस नुसती कागदावर धावते, डिझेल मात्र खरंच जळतं, चौकशी करा. निवडणुकीचे दिवस. त्या बसचा जो कोण साहेब होता तो घाबरला, आणि चौकशी होईपर्यंत त्यानं फेरीच बंद करून टाकली.

म्हणजे मी छापलं तेव्हा ते खोटं होतं, आणि बुधवारपासून ते खरं झालं. असा तपास कोणी केला असेल तर मला दाखवा.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. शुक्रवारी दुपारी एक बाई कचेरीत आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, खांद्याला पिशवी. त्या मोठ्या गावच्या शाळेतल्या इंगळे बाई. मला वाटलं, अभिनंदन करायला आल्या. मी चहा सांगितला. त्या नको म्हणाल्या. दोन ऑटो आणि एक बस बदलून आल्या होत्या, आणि बुधवारपासून त्यांच्या वर्गातल्या अकरा पोरी शाळेत आल्या नव्हत्या. घरचे पायी पाठवत नाहीत. हजेरी वाचावी तसं त्यांनी हे सांगितलं.

मी ताठ बसलो. म्हटलं, बाई, मी स्वतः जाऊन पाहिलंय.

“कोणत्या वारी गेलते सर?”

मी म्हटलं, रविवारी. आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडता पडता मला ऐकू आला.

बाई पिशवी मांडीवर घेऊन थांबल्या. आमच्या घरी वडील असेच थांबायचे, मुलाला चूक स्वतःलाच सापडावी म्हणून. मी उगाच वही काढली, पानं उलटली. तिथं माझ्याच अक्षरात होतं: ‘आज नाही येत.’ ‘आज’ चांगलं ठळक होतं. त्यांनीही वाचलं. मग पिशवीतून आमच्या पेपरची दोन कात्रणं काढली, वकीलसाहेबांचं आणि उत्तमभाऊंचं, आणि शेजारी शेजारी ठेवली.

“याच्यासाठी तुमी पहाटे उठून एवढ्या दूर आले,” त्या म्हणाल्या, “अन् त्याच्यासाठी? आमच्या गावातबी एक अभ्यासिका हाय म्हणे त्या पाचांतली. कुलूप हाय तिले. किल्ली कोणापाशी हाय, ते कोणालेच ठाऊक नाही.”

मी पोह्यांचं काही बोललो नाही.

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं की ही बस मुळात सुरू कशी झाली. तेव्हा त्यांनी सांगितलं. दोन वर्षं पोरींनी अर्ज केले होते. प्रत्येक अर्जावर सगळ्यांच्या सह्या. बाई स्वतः प्रत्येक वेळी तो अर्ज घेऊन बसच्या डेपोत जायच्या. शेवटी बस मिळाली, आणि पहिल्या दिवशी उत्तमभाऊ येऊन नारळ फोडून गेले. भाऊंचा संबंध तेवढाच.

आता खरी लाज पुढं आहे. हे ऐकल्याबरोबर मी खुर्चीत उसळलो आणि म्हणालो, “म्हणजे तो खोटंच बोलला!”

आनंदानं म्हणालो हो. अकरा पोरी घरी बसल्या आहेत, समोर त्यांची बाई बसली आहे, आणि मला आनंद कशाचा, तर मी हरलो नाही याचा. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मला वर्गाबाहेर उभं केलं असतं तरी बरं वाटलं असतं.

उठताना त्या एवढंच म्हणाल्या, “एकदा या गावात. शाळा असते त्या दिवशी.”

मी त्याच संध्याकाळी खुलासा लिहिला. सगळा लिहिला: रविवार, गाळलेला शब्द, पोरींचे अर्ज, भाऊंचा नारळ, अभ्यासिकेचं कुलूप. संपादकांचा अमरावतीहून फोन आला. ते म्हणाले, एका वाक्यात माफी मागायची आणि दुसऱ्यात त्याच माणसाला पुन्हा खोटारडा म्हणायचं, आता आपल्यावर विश्वास कोण ठेवेल? छापून आल्या तीन ओळी. बस नियमित धावत होती, चुकीबद्दल दिलगीर आहोत.

सोमवारी बस पुन्हा सुरू झाली. मंगळवारी उत्तमभाऊंनी त्या तीन ओळींचा खाटेएवढा फलक छापून फाट्यावर लावला. वर भाऊंचा हात जोडलेला फोटो, खाली लाल अक्षरांत, ‘पेपरानंही मानलं! बस भाऊंचीच!’ शिवाय मला फोन करून आभार मानले. फार मोकळ्या मनाचा माणूस, रागबिग काही नाही. पोरींचे दोन वर्षांचे अर्ज मी एका आठवड्यात त्यांच्या नावावर करून दिले होते, राग कशाला येईल?

पुढच्या बुधवारी मी गेलो. कॅलेंडर तीनदा पाहून गेलो. सातची बस आली, पाच मिनिटं लवकरच. पोरी खचाखच भरल्या होत्या, दप्तरं मांडीवर, वेण्यांना लाल रिबिनी. मी दांडा धरून उभा राहिलो. शाळेत गेल्यावर माफी मागायची म्हणून वाक्यं मनात जुळवत होतो. शेजारच्या सीटवर आठवी-नववीतली एक पोरगी होती. माझ्या हातातली वही आणि पेन बघून तिनं विचारलं, “काका, तुमी काय काम करता?”

आता तुम्हीच सांगा, किती सोपा प्रश्न. एका शब्दाचं उत्तर. आणि मी, जिल्ह्याच्या भाषणांतलं खोटं शोधणारा माणूस, तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, “विम्याचं.”

तिनं दप्तर उचलून पायाशी ठेवलं आणि खिडकीकडं सरकून मला जागा करून दिली.

“बसा ना मंग,” ती म्हणाली. “मले वाटलं, पेपरवालेच हाय का काय.”